बेशुद्ध पाणबुड्या आणि पाठीवरचे पट्टे

झाक-ईव्ह कूस्तो या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याने व एमिल गान्यां या अभियंत्याने १९४३ साली श्वासागणिक हवा पुरविणारा रेग्युलेटर सिद्ध केला आणि मनुष्याला पाण्याखाली मुक्त संचाराची मुभा मिळाली. परंतु हवेचे जड सिलिंडर पाठीशी जखडून ठेवणारी पट्ट्यांची बांधणी, म्हणजेच हार्नेस, कशी असावी याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही. आरंभीच्या साध्या पट्ट्यांच्या जोडीला १९६१ च्या सुमारास गळ्याभोवती फुगणारी फेन्झी कॉलर आली, १९७१ साली अंगरख्यासारखे जॅकेट आले. आणि त्याच दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातील गुहांत उतरणाऱ्यांनी धातूची पाठपट्टी, तिच्या मागे फुगणारी पिशवी व एकसंध पट्टा अशी रचना रूढ केली. सुमारे ५० मिलिमीटर रुंदीचा हा एकच पट्टा दोन्ही खांद्यांवरून येऊन कमरेशी एका बकलात अडकतो. मोडण्याजोगे भाग त्यात जवळजवळ नाहीत, हेच त्याचे मोठे बलस्थान.

तथापि कोणत्याही हार्नेसची खरी परीक्षा ते घालणारा शुद्धीवर असताना होत नाही. तो निश्चेष्ट झाला असता परक्या हातांनी ते किती लवकर उतरते, यावर होते.

सहकारी पाण्याखाली बेशुद्ध आढळला, तर रेग्युलेटर तोंडात असल्यास तो तसाच धरून ठेवावा. निसटला असल्यास पुन्हा बसविण्यात वेळ दवडू नये. आचके येत असतील व रेग्युलेटर तोंडात असेल, तर ते थांबेपर्यंत वर नेणे लांबणीवर टाकावे. एरवी विलंब नको. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून वर येताना जॅकेटमधली हवा फुगत जाते व ती सोडण्याचे काम बचाव करणाऱ्यालाच करावे लागते. बेशुद्धाच्या फुप्फुसातील हवा मात्र, मान पुढे दुमडलेली नसेल तर, आपोआप बाहेर पडते.

पृष्ठभागी येताच त्यास उताणे करावे, पिशवी फुगवावी, वजने टाकून द्यावीत आणि श्वासमार्ग मोकळा करून तोंडाने श्वास द्यावा. छातीवर दाब देणे पाण्यात व्यर्थ आहे. ते नौकेवर वा किनाऱ्यावरच करावयाचे. अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटीच्या समितीने २०१२ साली केलेली शिफारस अशी, की मदत ५ मिनिटांच्या आत असेल तर अधूनमधून श्वास देत ओढीत न्यावे. इथे हार्नेस उतरविण्याची घाई करणे घातक ठरू शकते. कारण पिशवीच त्याला तरंगवीत असते, आणि मालवण-तारकर्लीच्या उबदार पाण्यात पातळ पोशाख घातलेल्या माणसाला तिच्याखेरीज फारसा आधार नसतो. हार्नेस उतरवावे ते नौकेशी पोहोचल्यावर, चार हात मदतीला असताना. कारण भरलेल्या सिलिंडरसह त्याला वर ओढणे बहुधा अशक्यच असते.

वादाचे मूळ इथेच आहे. खांद्यावर झटपट सुटणारी बकले असावीत, असे एका पक्षाचे म्हणणे. बकल तुटले तर पाण्यातच सिलिंडर सुटेल, म्हणून एकसंध पट्टा बरा, हे दुसऱ्याचे. माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, पण एका अटीवर: जाड पट्टा कापणारी कात्री पाण्यात उतरणाऱ्या दोघांजवळही हाताशी हवी आणि ती चालविण्याचा सराव हवा. कमरेचे बकल उघडून उजव्या खांद्यावरचा पट्टा कापावा, कारण पिशवी फुगविण्याची नळी सामान्यतः डाव्या खांद्यावरून येते. मग देह डाव्या पट्ट्यातून सहज निघतो. आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही: मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्याचा फास कमरेच्या पट्ट्यात ओवलेला असतो, म्हणून ते बकल सुटताच तोही मोकळा होतो; पण वजनांचा पट्टा त्याच्या आत बांधलेला असेल, तर सोडलेली वजने तिथेच अडकून बसतात. म्हणून वजनांचा पट्टा सर्वांच्या वर, शेवटी बांधावा.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे पाणबुड्याचा परवाना आहे, त्यांना एवढीच विनंती की, पुढच्या वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी आपल्या सोबत्याला हातमोजे घालून आपले बकल उघडू द्यावे, वजने सोडू द्यावीत, कात्री कुठे आहे ते दाखवावे, आणि नंतर त्याच्या हार्नेसवर हेच स्वतः करून पाहावे.