आल्प्ससाठी हलकी एकबारी

ऑस्ट्रियातलं फेर्लाख म्हणजे बंदूक कारागिरांचं गाव. तिथली खासियत 'किपलाउफ': नळी खाली झुकवून एकच काडतूस भरायची सडपातळ रायफल. बोल्ट नाही, मॅगझिन नाही. वजन जेमतेम अडीच-तीन किलो. शॅमॉय या डोंगरी प्राण्याच्या मागे कडे चढणाऱ्याला आणखी काय हवं?

खरी गंमत काडतूस निवडण्यात. वजन घटलं की धक्का वाढतो, तेव्हा मॅग्नमचा मोह नकोच. माझं मत ७×५७ आरला. बुडाशी बाहेर आलेली कड एक्स्ट्रॅक्टर नीट पकडतो आणि रिकामी केस अलगद वर येते. याचंच बिनकडेचं भावंड म्हणजे .२७५ रिग्बी. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रायफल त्याच काडतुसाची!

आणि हो, वर जाडजूड दुर्बीण बसवलीत तर सगळी काटकसर पाण्यात.