डॉक्टर आणि शास्त्रज्ञ : एकाच जुवाखाली



बारावीचा निकाल लागला की ओळखीचे पालक गावाहून सांगलीला मला भेटायला येतात आणि विचारतात, "सर, पोरीला डॉक्टर करावं, का शास्त्रज्ञ?" मी विज्ञानाचा प्राध्यापक नव्हे, भाषा शिकवणारा मास्तर. पण या प्रश्नातला 'का' मला खटकतो. कर्करोगासारख्या दुखण्याला दोघेही लागतात, आणि तेही एकमेकांची भाषा जाणणारे.

ते कसे, पाहा. डॉक्टरांपुढे माणूस असतो. गाठ केव्हा आली, कोणत्या उपचाराने ओसरली, हे ते पाहतात. शास्त्रज्ञापुढे पेशी असते. बाकीच्या पेशी मर्यादेत वाढतात. मग हीच बेबंद का वाढली, हे तो शोधतो. डॉक्टरांना पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत पोचला नाही, तर शास्त्रज्ञ भलतीकडेच खणत बसेल. आणि शास्त्रज्ञाचे उत्तर दवाखान्यात आले नाही, तर ते कागदावरच राहील.

आपल्याकडे अशी जोडी जमली ती मुंबईत. तेथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. रोगट ऊतींची परीक्षा करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथे होते. त्यांच्या हाताखाली कमल रणदिवे शिकल्या. या १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या. मुलीने डॉक्टर व्हावे असे वडिलांना वाटे. पण त्या जीवशास्त्राकडे वळल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. सीताफळाचा न् कर्करोगाचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध पेशीचा! १९४९ साली त्या डॉक्टरेट झाल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली. टिश्यू कल्चरची केळी तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यातलाच हा प्रकार. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, तेथे त्यांनी या कामाची प्रयोगशाळा उभारली.

शेतकरी खोंडाला जाणत्या बैलाशेजारी जुंपून शिकवतो, तसेच हे शिक्षण. आज टाटा स्मारक केंद्रात डॉक्टरांचे उच्च शिक्षण आणि शास्त्रज्ञांची पीएच.डी. ही दोन्ही होमी भाभा राष्ट्रीय संस्था या एकाच अभिमत विद्यापीठाखाली चालतात. खारघरला तर रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच आवारात आहेत.

यातून खेड्यापाड्याला काय मिळाले? गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो, हे प्रयोगशाळेने दाखवले. मग बार्शीचे कर्करोग रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत या विषाणूची तपासणी एकदाच केली आणि दोष आढळताच उपचार केले, तेथे या रोगाचे मृत्यू आठ वर्षांत तपासणी न झालेल्या गावांच्या जवळजवळ निम्म्यावर आले. आकडा बाजूला ठेवा; कितीतरी घरांतली आई वाचली, एवढे ध्यानात घ्या.

म्हणून आयाबहिणींनो, तपासणीला लाजू नका. आणि शिक्षक मित्रहो, तुमच्या वर्गातली एखादी मुलगी सीताफळाच्या बीकडे टक लावून पाहत असेल, तर तिला "डॉक्टर का शास्त्रज्ञ" असे विचारू नका. त्या 'का'च्या जागी 'आणि' म्हणायला शिकवा.