हातपाय गार आहेत काय?

विंचू चावला की माणूस ठणक्याने तळमळतो, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. परंतु कोकणातील लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षानुवर्षे हाताळलेल्या डॉक्टरांना खरी धास्ती वाटते ती फारसे न कण्हणाऱ्या रुग्णाची, ज्याला घामाच्या धारा लागल्या आहेत, वांत्या होत आहेत, तोंडातून लाळ गळत आहे आणि ज्याचे हातपाय वैशाखातल्या रात्रीसुद्धा गार पडले आहेत. या विषाने मज्जातंतूंमधील सोडियमची द्वारे उघडी राहतात, उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा रक्तात उतरतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकले, की फुप्फुसांत पाणी साचू लागते. घरची माणसे ठणका थांबल्यावर विंचू उतरला असे समजून निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्याच घटकेला पुष्कळदा अनर्थाचा आरंभ झालेला असतो.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या दंशावर ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीवरील औषधे असा जो उपचार सर्रास चाले, त्याला परिपाठापलीकडे फारसा आधार नव्हता. खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि श्वास यांच्या बारकाईने नोंदी ठेवीत त्यांनी या विकाराचा क्रम उलगडला. हृदयावरील संकटाची पूर्वचिन्हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून रुग्णाला वाचवू शकते, हे त्यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडले. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पुढे सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. खेडेगावी, सरकारी केंद्राच्या तुटपुंज्या सामग्रीवर सुरू झालेल्या या कामाचे मोल मला कोणत्याही भव्य प्रयोगशाळेतील शोधाइतकेच थोर वाटते.

कोकणातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रात्री बसण्याची मुभा मला मिळाली, तेव्हा हे ज्ञान प्रत्यक्षात कोणत्या रूपाने वावरते ते जवळून पाहता आले. गोठ्यातील पेंढा उपसताना दंश झालेला एक सात-आठ वर्षांचा मुलगा आजीच्या खांद्यावरून आला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी दंशाची जागा पाहण्यापूर्वी आपल्या हाताची पालथी बाजू मुलाच्या पोटऱ्यांवरून तळव्यांपर्यंत फिरवली, दंशाची वेळ विचारून केसपेपरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिली, आणि मगच छातीवर नळी ठेवली. प्राझोसिनच्या गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून पाजताच सिस्टर आजीला म्हणाल्या, “आजी, आता काही झालं तरी त्याला उचलायचं नाही. आडवाच राहू द्या.” पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उभे केले वा कडेवर घेतले, तर रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो; नातवाला पोटाशी धरण्यासाठी आसुसलेल्या वृद्धेला ही मनाई पाळायला लावणे हाही त्या उपचाराचाच भाग होता. त्यानंतर दर अर्ध्या तासाने नाडी, श्वास आणि रक्तदाब केसपेपरवर उतरू लागला. घामाने आणि वांत्यांनी गेलेले पाणी भरून काढण्याची तजवीज तेवढ्याच काळजीने चालली होती.

यानंतर जो निर्णय झाला, त्यात नव्या पुराव्याचा खरा विनियोग मला दिसला. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडच्याच रुग्णालयातील ७० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली होती. प्रतिविष आणि प्राझोसिन ही दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांपैकी ८ जण. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. परंतु ही चाचणी घेणाऱ्यांत तेच बावस्कर होते, ज्यांची कीर्ती प्राझोसिनवर उभी होती, आणि आपल्याच उपचाराला दुसऱ्याची जोड हवी असा कौल देणारी परीक्षा त्यांनी स्वतः मांडावी, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मात्र त्या आकड्यांआधी एक वेगळीच गोष्ट पाहिली: त्या चाचणीत कोणते रुग्ण घेतले होते? घाम, लाळ, गार हातपाय ही लक्षणे असलेले, पण हृदय व श्वसन अद्याप न बिघडलेले. हा मुलगा त्याच वर्गात बसत होता. फुप्फुसांत पाणी साचले असते तर त्या चाचणीच्या जोरावर काही म्हणता आले नसते, असे ते म्हणाले, आणि ॲड्रेनलिनची सिरिंज हाताशी ठेवून त्यांनी भुकटीच्या रूपातील प्रतिविष विरघळवून शिरेतून संथपणे द्यायला आरंभ केला.

पहाटेच्या सुमारास मुलगा पाय धरून रडू लागला. आजी घाबरली, डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळला, कारण विषाचे वादळ ओसरले की दंशाच्या जागी ठणका परततो. पोटऱ्या कोमट झाल्या होत्या. वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिले गेले, आणि केसपेपरवर ‘ठणका सुरू’ ही नोंद वेळेसह झाली.

नवे स्वीकारण्यापेक्षा जुने टाकणे कठीण, असे त्या डॉक्टरांचे मत पडले, आणि मला ते पटते. परिसरातून येणाऱ्या चिठ्ठ्यांवर स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याचा उल्लेख अजून आढळतो. ते देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु त्यात मोलाची घटका वाया जाते. म्हणून त्यांनी आसपासच्या आरोग्य केंद्रांशी दूरध्वनीवरून बोलण्याचा परिपाठ ठेवला आहे. मी बसलो होतो त्याच पहाटे एक फोन आला. “चावून किती वेळ झाला? हातपाय गार आहेत काय? साधी प्राझोसिन आहे ना तुमच्याकडे, हळूहळू विरघळणारी नव्हे? मग तिची पहिली मात्रा देऊन, झोपवूनच गाडीत घाला, आणि दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा,” एवढे सांगून त्यांनी सिस्टरना दुसऱ्या खाटेजवळ प्रतिविषाची कुपी काढून ठेवायला सांगितले.