मंडळाची रपेट



सायकल हें वाहन मूळचें एकलकोंडें. बसणारा तोच आणि ओढणाराहि तोच. दुसऱ्याला फार तर कॅरिअरवर जागा. असें असूनहि सायकल रस्त्यावर आली न आली तोंच लोकांनीं तिचीं मंडळें काढिलीं, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. इंग्लंडांत हॅरोगेट या गांवीं १८७८ सालीं 'बायसिकल टूरिंग क्लब' निघाला. पांच वर्षांनीं त्याचें नांव 'सायकलिस्ट्स टूरिंग क्लब' असें झालें, आणि तीच संस्था आज 'सायकलिंग यूके' या नांवानें चालू आहे. त्या काळची सायकल म्हणजे पुढें माणसाच्या छातीशीं येणारें भलें थोरलें चाक आणि मागें एक चिमुकलें चाक. तिच्यावर चढण्यास तरुणाचें अंग आणि श्रीमंताचा खिसा हीं दोन्हीं लागत. मंडळाचा एक कप्तान असे, सर्वांचा सारखा गणवेष असे, आणि थांबण्याची वा निघण्याची इशारत देण्यास कित्येक मंडळांत चक्क एक बिगुलवाला असे!

हा लष्करी थाट फार दिवस टिकला नाहीं. १८८५ सालीं जॉन केम्प स्टार्ली यानें दोन्हीं चाकें जवळजवळ सारखीं असलेली, साखळीनें मागचें चाक फिरविणारी सायकल पुढें आणिली, आणि १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेली रबरी धांव तयार केली. सायकल ठेंगणी झाली, मऊ चालूं लागली, हळूहळू स्वस्तहि झाली. स्त्रिया, कारकून, कारखान्यांतील कामगार असे सर्वजण तिच्यावर बसूं लागले. १८९४ सालीं बर्मिंगहॅम येथें निघालेला 'क्लॅरियन सायकलिंग क्लब' हा अशाच लोकांचा. 'क्लॅरियन' हें रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांचें समाजवादी साप्ताहिक. त्याचे वाचक सुटीच्या दिवशीं सायकलींवरून खेड्यापाड्यांतून हिंडत आणि आपल्या मतांचा प्रसारहि करीत. आज जिला आपण मंडळाची रपेट म्हणतों, तिचा खरा जन्म मी या काळांत धरतों; कारण बळकट आणि अशक्त, तरुण आणि प्रौढ अशीं माणसें एकाच ओळींत येऊं लागलीं तीं तेव्हांपासून.

आतां ही रपेट म्हणजे शर्यत नव्हे. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर ही तिची साधारण गति धरावी. ही आळशांची चाल म्हणून हिणविणारे पुष्कळ भेटतात, परंतु तिच्यामागें शास्त्र आहे. सपाटीवर सायकलस्वाराला अडविणारे दोघे: एक रस्ता आणि दुसरी हवा. रस्त्याचा विरोध गतीबरोबर फारसा वाढत नाहीं. हवेचा विरोध मात्र गतीच्या वर्गानें वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति तर घनानें वाढते. गति दुप्पट केली, कीं हवा कापण्यास लागणारी शक्ति आठपट झाली! म्हणूनच शर्यतींतले स्वार पुढच्याच्या चाकाला चिकटून त्याच्या आडोशानें जातात. त्यांची नजर त्या चाकावरून हलत नाहीं, आणि बोलणें तर दूरच. रपेटींत हवा इतकी जड नसते. आडोशाची गरज पडत नाहीं. रस्ता रुंद व मोकळा असेल तर दोघांनीं जोडीनें चालावें, गप्पा माराव्या. धाप न लागतां पुरें वाक्य बोलतां आलें तर गति बरोबर आहे असें समजावें. तीनतीन शब्दांवर दम घ्यावा लागला, तर समोरच्याचें बोलणें पटो न पटो, गति कमी करावी.

एवढ्यानें मात्र काम भागत नाहीं. मंडळांतील सर्वांत हळू माणसावर एक अन्याय होत असतो, आणि तो करणाऱ्यांच्या ध्यानांतहि येत नाहीं. पुण्याहून सासवडची रपेट घ्या. अंतर सुमारें ३० किलोमीटर. वडकी मागें टाकली कीं दिवेघाटाची चढण लागते. बारा जण निघाले. चौघे ताकदीचे, ते घाटमाथ्यावर आधीं पोंचले, पाणी प्याले, खालीं मस्तानी तलाव पाहिला, दहा मिनिटें विसावले. शेवटचा स्वार घामानें निथळत वर आला. त्याला पाहतांच चौघांनीं आनंदानें हांक दिली, "आले, आले! चला आतां!" आणि सायकली काढल्या. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी त्याला दहा मिनिटें मिळालीं; ज्याला सर्वांत अधिक त्याला एकहि नाहीं. यांत कोणाच्याहि मनांत दुष्टपणा नसतो. उलट, आपण त्याच्यासाठीं थांबलों असेंच प्रत्येकाला वाटतें.

सपाटीवरहि तोच प्रकार, फक्त तो दिसत नाहीं. समजा, ओळ एका वळणावर आली. पुढच्यानें किंचित् ब्रेक लावला. त्याच्या मागच्यानें थोडा अधिक. प्रत्येकाचा एक एक सेकंद गेला, तर बाराव्याचे अकरा सेकंद गेले. ताशी १५ किलोमीटरच्या गतीला अकरा सेकंद म्हणजे सुमारें ४५ मीटर. तें अंतर भरून काढण्यास त्या बाराव्यानें ताशी २० किलोमीटरनें जायचें म्हटलें, तर त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ जोर करावा लागतो, आणि तेवढा वेळ हवा कापण्यास लागणारी शक्ति दुपटीहून जास्त असते. अशीं वळणें, खड्डे, चौक किती येतात तें मोजा. पुढचा मनुष्य शपथेवर सांगेल कीं, मी सारा वेळ सावकाश चाललों; आणि तें खरेंहि असेल. मागचा मात्र दिवसभर शर्यत खेळत असतो. तो तक्रार करीत नाहीं. पुढल्या रविवारीं त्याला कांहीं काम निघतें, त्याच्या पुढल्या रविवारीं सर्दी होते, आणि मग तो दिसेनासा होतो.

जाणत्या मंडळांनीं यावर उपाय बसविले आहेत. हळू स्वाराला शेवटीं ठेवूं नये. अग्रणीच्या पाठोपाठ दुसरा ठेवावा. म्हणजे ओळीचे हेलकावे त्याच्यापर्यंत पोंचत नाहींत, आणि अग्रणीलाहि त्याचा श्वास ऐकूं येतो. शेवटीं असावा तो चांगला कसलेला गडी. पंप, पाना आणि पंक्चरचें सामान त्याच्यापाशीं. फांटा आला कीं अग्रणीच्या मागचा एक जण तेथें उभा राहतो, येणाऱ्यांना वाट दाखवितो आणि पिछाडीचा गडी आला कीं त्याच्या पुढें ओळींत शिरतो. आतां मोबाईलवर नकाशे असतात हें खरें. पण चालत्या सायकलीवर नकाशा पाहणाऱ्याला खड्डा आधीं सांपडतो. आणि घाटमाथ्याचा नियम असा कीं, निघण्याचा शब्द शेवटीं आलेल्यानें द्यावयाचा. त्याचें पाणी पिऊन झालें, श्वास जागेवर आला, मग तो म्हणेल तेव्हां निघावें. चौघे ताकदीचे यानें चुळबुळतात, चुळबुळूं द्यावे. कोणाला अंगांतली रग जिरवायचीच असेल तर त्यानें घाट पुन्हां एकदां उतरून चढावा.

आपल्याकडे ही विद्या परकी नाहीं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढी वारींत याच दिवेघाटानें सासवडला जाते. पताका पुढें, मग टाळकरी, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. टाळाच्या ठेक्यावर सारी दिंडी एका चालीनें चढते. सत्तरीची म्हातारी त्या दिवशीं सासवडला पोंचते, ती कांहीं एकट्या पायांच्या बळावर नव्हे.

सासवडला चहा-मिसळ झाली कीं परतीची वाट घाटाच्या उताराची. येथें मात्र जोडीनें चालणें साफ बंद. एकामागें एक, मध्यें चांगलें अंतर. दोन्हीं ब्रेक आळीपाळीनें हलके दाबावे, वळणाआधीं गति कमी करावी, मालमोटारींना वाट द्यावी. उतारावर प्रत्येकाची छाती वेगळी, म्हणून कोणी कोणासाठीं मध्येंच थांबूं नये. खालीं वडकीला सर्वांनीं रस्त्याच्या कडेला उतरून थांबावें आणि अग्रणीनें माणसें मोजावीं. बारा निघालीं असतील तर बारा.