बोट जमिनीवर असते तेव्हा

1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते आणि उत्तन, पाली, चौक या आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत बोटी शाकारल्या जातात. बोट वर ओढली की जाणता तांडेल आधी तिच्या बुडाखाली पाहतो. टेकू कुठे बसला, कणा कशावर टेकला, बोट एका अंगाला कलली तर नाही ना? पाण्यात बोटीला सगळ्या बाजूंनी सारखा आधार मिळतो. जमिनीवर मात्र तिचे सारे वजन चार-दोन जागांवर येते आणि बूड तिथेच खचते.

किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना हे नवे नाही. पण आपल्या मदतीचा हात डोंगरदऱ्यांतल्या आदिवासी पाड्यांकडे जातो, तेव्हा ही जाण सोबत न्यायला हवी. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे नर्मदाकाठचे कित्येक पाडे रस्त्यापासून तुटले आहेत. तिथे होडी हाच रस्ता. 2020 साली टाळेबंदीच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मच्छीमाराची होडी मागून घेऊन स्वतः वल्हवत सुमारे 18 किलोमीटर जात असत. बाळांची वजने घ्यायची, गरोदर मातांना आहार पोहोचवायचा, एवढ्यासाठी. अशा ठिकाणी होडी बंद पडली तर औषध, लस आणि पोषण आहारही अडतो.

आधारपट्ट्या म्हणजे काय?

छोटी फायबरची बोट रस्त्यावरून पाण्यापर्यंत ट्रेलरवरून नेतात. ट्रेलरवर दोन लांब लाकडी पट्ट्या असतात. बोटीचे बूड त्यांवर बसते. इंग्रजीत त्यांना बंक म्हणतात, आपण आधारपट्ट्या म्हणू. लाकूड बुडाला घासू नये म्हणून त्यांवर जाड कार्पेट ताणून बसवलेले असते. बोट पाण्यात उतरवताना पट्ट्या भिजतात, मग उन्हात तापतात, पुन्हा भिजतात. त्यामुळे बोटीआधी त्याच झिजतात.

झीज कशी ओळखावी

स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लाकडात दाबून पाहा. ते सहज रुतले तर लाकूड आतून कुजले आहे. बोल्टच्या भोकांजवळ आणि पट्टीच्या टोकांना आधी पाहा, कारण पाणी तिथूनच शिरते. दोन आधारांच्या मध्ये पट्टी वाकली आहे का, कार्पेट फाटून बोल्टचे डोके वर आले आहे का, लोखंडी ब्रॅकेट गंजला आहे का, हेही तपासा. वर आलेला एक बोल्ट रस्त्याच्या हादऱ्यांनी फायबरला भोक पाडू शकतो.

लाकूड पक्के असून केवळ कार्पेट फाटले असेल तर कार्पेटच बदलावे. लाकूड मऊ लागले तर पट्टी बदलावी. कुजक्या लाकडावर नवे कार्पेट चढवणे म्हणजे रोग झाकणे.

पट्टी कशी बदलावी

हे काम गावचा सुतार करवत, ड्रिल आणि पान्यावर करू शकतो.

1. शक्यतो बोट पाण्यात सोडून ट्रेलर मोकळा करावा. ते जमत नसेल तर बोटीखाली भक्कम ठोकळे लावून एका वेळी एकच पट्टी काढावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या बोटीखाली कोणीही शिरू नये.

2. जुनी पट्टी टाकू नये. तिच्याच मापाने नवी कापावी आणि भोकांच्या खुणाही तिच्यावरूनच घ्याव्यात. मागच्या बाजूला पट्टी बोटीच्या शेवटच्या फळीपर्यंत पोहोचली पाहिजे. इंजिनाचे वजन तिथेच असते. पट्टी आखूड पडली तर बूड तिथे वाकते आणि बोट पाण्यात नीट चालत नाही.

3. साग किंवा प्रक्रिया केलेले टिकाऊ लाकूड घ्यावे. बोट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया केलेले लाकूड टाळावे. त्याने धातू खातो. कापलेली टोके आणि भोकांच्या आतली बाजू तेल किंवा रंग लावून बंद करावी.

4. बोल्ट जीआय किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत. त्यांची डोकी लाकडात खोल बसवावीत.

5. कार्पेट पाणी न शोषणारे, प्लॅस्टिक धाग्याचे घ्यावे. गोणपाट किंवा सुती कापड ओल धरून ठेवते. पिना पट्टीच्या बाजूला आणि खाली माराव्यात, वरच्या अंगाला नकोत. पाणी निथळायला खालची बाजू थोडी उघडी ठेवावी.

6. बोल्ट आधी सैल ठेवावेत. बोट चढवून पट्टी बुडाला सर्वत्र सारखी टेकली की मग आवळावेत. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर पुन्हा तपासावेत.

पावसाळ्यातली काळजी

उघड्या बोटीत साचलेले पाणी हा मोठा भार असतो. 5 चौरस मीटर उघड्या जागेवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 500 लिटर, म्हणजे 500 किलो पाणी साचते. तो सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर आणि त्यांच्यावर टेकलेल्या बुडावर येतो. म्हणून नाळेकडची बाजू उंच ठेवावी, मागचे बूच काढून ठेवावे आणि वर ताडपत्री उतार देऊन बांधावी. खाऱ्या पाण्यातून आलेला ट्रेलर दर वेळी गोड्या पाण्याने धुवावा.

देणगी देताना

बोटीसाठी देणगी देताना आपण इंजिन केवढे, माणसे किती बसतील, हे विचारतो. आणखी तीन प्रश्न विचारावेत: ती ठेवणार कुठे, कशावर, आणि दर वर्षी तिची डागडुजी कोण करणार? दोन लाकडी पट्ट्या, थोडे कार्पेट, काही बोल्ट आणि सुताराची मजुरी हा खर्च बोटीच्या किमतीपुढे अगदी लहान आहे. तो सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवला आणि पाड्यातल्याच एका तरुणाला हे काम शिकवले, तर आपली देणगी पहिल्या पावसाळ्यानंतरही पाण्यावर राहील.