दोन पंचांगांच्या घरातलं पहिलं वर्ष

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कामरेजच्या चार रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. हिऱ्यांचे कारखाने सुटीसाठी बंद झालेले असतात आणि सुरतेत राबणारा सौराष्ट्र भावनगर, अमरेली, जुनागढकडे निघालेला असतो. एसटीच्या जादा गाड्या, खासगी लक्झऱ्या, टपावर बांधलेल्या पेट्या, बापाच्या खांद्यावर झोपलेली पोरं असं ते दृश्य असतं. याच दिवसांत इथली खान्देशी कुटुंबं उलट्या दिशेला जायच्या तयारीत असतात. कुणाला सुरत–भुसावळ मार्गावरचं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर गाठायचं असतं, कुणाला नवापूरवरून धुळ्याला जायचं असतं.

यातल्या एखाद्या घरात चार महिन्यांचं बाळ असतं. गावाकडून आजीचा रोज फोन येतो, “नातवाचं तोंड कधी दाखवता?” नवरा-बायको ठरवू शकत नाहीत. गर्दीच्या गाडीतून बाळाला न्यावं, की पहिली दिवाळी इथेच करावी? गेल्या पिढीपुढे हा प्रश्न फारसा नव्हता, कारण बाळ आणि आजी बहुधा एकाच गावात असत. आज तो हजारो तरुण घरांपुढे आहे. त्याचं उत्तर शोधायचं, तर बाळाच्या पहिल्या वर्षातले सण मुळात कशासाठी आहेत हे आधी पाहायला हवं.

तापीच्या दोन टोकांचं नातं

कामरेज तापीच्या काठी आहे. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावलेली तापी अख्खा खान्देश ओलांडून इथे येते आणि सुरतेपुढे समुद्राला मिळते. मराठीशी या गावाची ओळख जुनी आहे. कामरेज हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला तालुका होता. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १ मे १९६० रोजी गुजरात वेगळं झालं. नंतर कापडाच्या मागांनी आणि गिरण्यांनी खान्देशातली माणसं सुरतेकडे ओढली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आज अहिराणी सहज कानावर पडते आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. कामरेजकडे मात्र शेजार बहुतेक सौराष्ट्रातल्या पाटीदारांचा. इथल्या मराठी घरातलं बाळ त्यामुळे दोन भाषा ऐकत मोठं होतं. त्याचे सणही दोन्हीकडचे असतात.

महाराष्ट्र आणि गुजरात दोघेही महिना अमावास्येला संपवतात. उत्तर भारतात श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, पण या दोन राज्यांत एकाच दिवशी. फरक वर्षारंभाचा आहे. आपलं वर्ष चैत्रात गुढी उभारून सुरू होतं, शेजाऱ्यांचं कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळी पाडव्याला. आपली वसुबारस ही त्यांची वाघबारस आणि आपली भाऊबीज ही त्यांची भाईबीज. नागपंचमी मात्र आपण श्रावण शुद्धात करतो, ते वद्यात. एवढं माहीत असलं की दोन्ही घरांना वर्षाची आखणी मिळून करता येते.

सव्वा महिना आणि आत्याचा मान

बाळंतिणीला सव्वा महिना जपायचं, हा हिशेब दोन्हीकडे एकच आहे. आपल्याकडे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी आणि बाळंतशोपा असतात, तर शेजारच्या बा, म्हणजे आजी, काटलं हा बाळंतिणीचा पौष्टिक पाक आणि शिरा घेऊन येतात. पाचवीला किंवा सहाव्या दिवशी आपण सटवाई पूजतो. गुजराती घरात छठ्ठीच्या रात्री विधात्यासाठी कागद-लेखणी ठेवतात. दोन्हीकडे समजूत एकच, की त्या रात्री बाळाचं नशीब लिहिलं जातं. नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा, त्यांच्याकडे फोईचा, म्हणजे बापाच्या बहिणीचाच. आजोळहून बाळ घरी येतं तेव्हा गुजराती माहेरची माणसं जियाणं पाठवतात. त्यात कपडे, खेळणी आणि ऐपतीप्रमाणे घोडियूं, म्हणजे झोळीचा पाळणाही असतो.

या साऱ्या विधींमागे एक सोय आहे. बाळंतिणीला झोप मिळावी, तिचं पोट भरावं, बाळाला कुणीतरी घ्यावं, यासाठी माणसं घरात यायला निमित्त लागतं. सटवाई, बारसं, जियाणं ही ती निमित्तं होत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बारशाला साठ माणसं जेवली आणि बाळंतीण चार तास पाठ ताठ करून बसली, तर विधी पार पडला पण त्याचं काम राहिलं. ज्या घरात आत्या दोन दिवस आधी येऊन कपडे-भांडी उरकते, तिथे ते काम होतं.

परंपरेतल्या काही गोष्टी मात्र निक्षून सोडायला हव्यात. जन्मल्याबरोबर गुळाचं पाणी किंवा मध चाटवू नये. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षाच्या आत मध दिल्यास बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. ओवा-लोबानाची धुरी बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना त्रास देते. मालीश जरूर करावी, धूर नको.

श्रावण: जिवती, शीतळा आणि कानबाई

श्रावणातल्या शुक्रवारी आपल्याकडे लेकरांच्या आयुष्यासाठी जिवतीची पूजा होते. गुजराती बायकाही याच शुक्रवारी जीवंतिकेचं व्रत करतात. श्रावण वद्य षष्ठीला त्यांची रांधण छठ्ठ. त्या दिवशी थेपले, वडे करून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी शीतळा सातमला चूल न पेटवता थंडच खायचं. शीतळा ही देवीच्या रोगाची देवता. भारतातून देवीचा रोग १९७५ मध्ये गेला आणि १९८० मध्ये जगातून त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. ते लसीने साधलं. शीतळा सातमला मुलाच्या लसीकरणाचं कार्ड काढून पुढची तारीख पाहावी, याहून चांगली पूजा मला सुचत नाही.

खान्देशी घराचा श्रावणातला मोठा सण कानबाईचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नाक, नथ लावून कानबाई बसवतात, रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन करतात. रोटांसाठी भाऊबंद एकत्र येतात आणि गहू घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजून घेतात. नव्या बाळाची मूठ पहिल्यांदा पडते तेव्हा घराच्या मोजणीत एक जीव वाढतो. अनेक घरांत ही मोजणी पुरुषांचीच होत आली आहे. आंडोर असो वा आंडेर, म्हणजे मुलगा असो वा मुलगी, मूठ दोघांच्या नावाने पडावी. देवीच्या सणात मुलीची मूठ नसणं शोभत नाही.

कोजागिरी ते लाभपाचम

कोजागिरीला आपण घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतो, त्याला आश्विनी म्हणतात. पहिलटकरणीच्या घरी हा दिवस बाळाचाच. शेजारी शरद पूनम दूध-पौंव्यांनी साजरी करतात आणि दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, अख्खी सुरत घारी खाते. १८५७ मध्ये तात्या टोपेंच्या सैनिकांसाठी सुरतेच्या हलवायाने घारी केली, अशी आख्यायिका इथे सांगतात. मावा, सुकामेवा आणि तुपाची ही मिठाई आईने थोडी खावी. सहा महिन्यांवरच्या बाळासाठी नाचणीची पेज, मऊ वरण-भात, कुस्करलेलं केळं पुरे. वर्षाच्या आत बाळाच्या खाण्यात साखर-मीठ घालायचं कारण नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे आपल्याकडे अभ्यंगस्नान. त्याच दिवशी, काळी चौदसला, शेजारच्या बायका वडे तळून चौकात ठेवतात आणि घरातला ककळाट, म्हणजे कलह, बाहेर काढतात. पाडव्याला ‘साल मुबारक’ म्हणत माणसं दारोदार फिरतात. घरात बाळ असेल तर प्रत्येक जण त्याला उचलू पाहतो. इथे आईबापांनी संकोच करू नये. हात धुतल्याशिवाय बाळाला देऊ नये. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याने लांबूनच पाहावं. फटाके वाजत असताना खिडक्या लावून बाळाला आतल्या खोलीत ठेवावं. लाभपाचमीला बाजार उघडतात, तोवरचे हे दिवस घराला सवड देतात.

आता गावी जाण्याचा प्रश्न. २०२३ च्या दिवाळीत सुरत रेल्वे स्थानकावर गर्दीत चेंगरून एका प्रवाशाचा जीव गेला. आरक्षण नसताना अशा गर्दीत तान्ह्याला घेऊन शिरणं हा धोकाच आहे. म्हणून पहिल्या दिवाळीला बाळाने आजीकडे जाण्यापेक्षा आजीनेच बाळाकडे यावं. तिला आधी बोलवावं आणि गर्दी ओसरल्यावर पोचवावं. आजी आली की फराळाला हात मिळतो, आईला दुपारची झोप मिळते आणि बाळाच्या कानावर अहिराणी पडते.

बोरन्हाण, होळी आणि आखाजी

थंडीत सुरतेत पोंकाचे दिवस येतात. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे शेवेबरोबर खातात. आपल्या हुरड्याचा हा सख्खा भाऊ. चौदा जानेवारीला उत्तरायण, पंधराला वासी उत्तरायण. गच्चीवर उंधियू-जिलेबी, पतंग आणि कर्णे. तान्ह्याला त्या आवाजात आणि मांज्याच्या दोऱ्यात नेऊ नये. त्याच्यासाठी आपल्याकडे बोरन्हाण आहेच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, शेंगा. सोसायटीतली सगळी मुलं या समारंभाला बोलवता येतात, आणि गुजराती मुलांना तो फार आवडतो. काळजी एकच घ्यावी. शेंगदाणा, हलवा, गोळ्या बाळाच्या घशात अडकू शकतात. समारंभ संपताच खालचं सगळं वेचून घ्यावं.

होळीला खान्देशात लहानग्यांना साखरेचे हारकडे घालतात. गुजरातेतही साखरेचे हायडे, धाणी आणि खजूर देतात आणि पहिल्या होळीला बाळाला होळीच्या दर्शनाला नेतात. धुरापासून लांब उभं राहून तेही करता येतं. मग वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशी सासुरवाशिणीचा हक्काचा सण. झोके, आमरस, पुरणपोळी आणि माहेर. दिवाळीला टाळलेला प्रवास आखाजीला करावा. तोवर बाळ बहुधा बसायला लागलेलं असतं, गाड्यांना दिवाळीची गर्दी नसते. ऊन मात्र सांभाळावं, पहाटे निघावं. लसीचं कार्ड बरोबर घ्यावं. सरकारी केंद्रात लस देशभर कुठेही मोफत मिळते.

सणांच्या मधले दिवस

वर्षात सणाचे दिवस थोडे, उरलेले साधे. सुरतेच्या परिसरात अनेक बायका घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवतात, लेस लावतात, धागे कापतात. एका बाजूला साड्यांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला झोळी. संघटित नोकरीत २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. घरी नगावर काम करणारीला तशी रजा नाही. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेत पाच हजार रुपये मिळतात, त्यासाठी नाव मात्र नोंदवावं लागतं. अंगणवाडीतून ममता कार्ड, बाळाचं वजन, आणि सहा महिन्यांनंतर बालशक्ती या पोषण आहाराची पाकिटं मिळतात. भाषा येत नाही म्हणून कुणी अंगणवाडीला जायचं टाळू नये. शेजारच्या मासीला बरोबर घ्यावं.

कामरेजभोवती उसाची शेतं आहेत आणि नवी पारडीला सहकारी साखर कारखाना आहे. दक्षिण गुजरातच्या या ऊसपट्ट्यात दिवाळी संपताच डांग, तापी, नंदुरबार, धुळ्याकडून ऊसतोडीची माणसं येतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे एक ‘कोयता’ म्हणून मोजतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या मजुरांच्या हालांवर १९७० च्या दशकापासून लिहिलं आहे. पडावावरच्या पालात तान्ही बाळं असतात आणि आई पहाटे फडात गेलेली असते. त्या बाळालाही बारसं असतं, बोरन्हाण असतं, लसीची तारीख असते. फक्त त्याच्या आईच्या मदतीला येणारे हात फार थोडे असतात.

म्हणून या दिवाळीत वाचकांना सांगणं एवढंच. तुमच्या इमारतीत तान्हं बाळ असेल, तर फराळाच्या ताटाबरोबर तुमचे दोन तास घेऊन जा. हात धुऊन बाळाला घ्या आणि आईला झोपू द्या. तुम्ही आजी-आजोबा असाल, तर नातवाला बोलावण्याआधी स्वतःचं तिकीट काढा. आणि जवळपास तोडीचा पडाव पडला असेल, तर तिथल्या बाळांची नावं अंगणवाडीत नोंदली गेली आहेत का, हे एकदा जाऊन विचारा.