९९५च्या अलीकडे

केंब्रिजच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटने १९९१मध्ये धातू न वितळवता फिरत्या टूलच्या घर्षणाने जोडण्याची रीत काढली. त्या दशकाच्या अखेरीला राजीव मिश्रांच्या गटाने तेच फिरतं टूल जोडकामाऐवजी धातू घोटून नुसती रचना बारीक करायला वापरलं. हा इतिहास इथल्या वाचकांना पाठ आहे. अ‍ॅल्युमिनियमचंही इतकं चर्वण झालंय, की त्यावर शाई खर्च करवत नाही.

टायटॅनियमचं दुखणं निराळं. त्यातून उष्णता मोठ्या कष्टाने वाहते, त्यामुळे टूलच्या शोल्डरखाली तयार झालेली धग जागेवरच कोंडते. वरून करपलेली, आतून कच्ची भाकरी म्हणा ना! साधं टूल-स्टील तिथे तग धरत नाही. टंगस्टन-ऱ्हेनियमची महागडी पिन लागते. तीही झिजते आणि स्वतःचे कण धातूत सोडून जाते. तापलेला टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन अधाशासारखा पितो, म्हणून वरून आर्गॉनचं पांघरूण. आमचे मिस्त्री त्या टूलला ‘रवी’ म्हणायचे. पहिल्याच महिन्यात एक रवी प्लेटमध्येच मोडून बसली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहेब, ताक झालं नाही, पण रवी गेली.”

आता माझा लाडका मुद्दा. ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमची आपली नेहमीची मिश्रधातू घ्या. साधारण ९९५ अंश सेल्सियसला तिच्यातला आल्फा संपतो आणि उरतो तो निव्वळ बीटा. घोटताना ही रेषा ओलांडली, तर थंड होताना प्रत्येक बीटा कणाच्या पोटात आल्फाच्या पट्ट्या बर्गर्सच्या नियमाने, ठरलेल्या बारा दिशांपैकी कुठल्या तरी दिशांनी उगवतात. रेषेच्या अलीकडे राहिलात, तर जुन्या पट्ट्या पिळवटतात, तुटतात, आणि त्यांच्या जागी मायक्रॉनभर आकाराचे गोलसर आल्फा कण येतात. दोन्हींना ‘बारीक रचना’ म्हणणं म्हणजे शेवया आणि साबुदाणा एकच म्हणण्यासारखं आहे.

ओहायो स्टेट विद्यापीठात पिल्चाक, जुहास आणि विल्यम्स यांनी मेण वितळवून काढलेल्या साच्यात ओतलेल्या या मिश्रधातूवर जे काम केलं (त्यांचा लेख २००७चा), ते मी वर्गात वर्षानुवर्षं दाखवत आलो. ओतीव तुकड्यात जुने बीटा कण मिलिमीटरच्या मापाचे, आणि त्यांत एकाच दिशेला झोपलेल्या आल्फा पट्ट्यांच्या वसाहती. फटीगचा तडा अशा वसाहतीत जन्म घेतो. घोटलेल्या पट्ट्यात त्या वसाहतीच उरत नाहीत. सगळा भाग घडवायची गरज नाही. जिथे ताण बसतो, तेवढा कोपरा घोटायचा. हे मी जिथे तिथे सांगत फिरलो, आणि जिथे तिथे “खर्च किती?” एवढंच विचारलं गेलं.

सप्टेंबर २०१७मध्ये ग्रीनलंडवरून जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या ए-३८० विमानाच्या इंजिनाचा फॅन हब फुटला. तपासात बोट ठेवलं गेलं ते याच मिश्रधातूतल्या एका मोठ्या, एकाच दिशेच्या कणसमूहावर. तो हब घडीव होता, ओतीव नव्हे, आणि घोटणं हा त्यावरचा उतारा होता असा दावा मी करणार नाही. घोटलेला धातूही स्वतःच्या पिळाची दिशा मागे ठेवतोच. पण कण किती बारीक हे मोजून कण कुठे तोंड करून बसलेत हे न पाहणाऱ्यांनी तो अहवाल एकदा वाचावा.

काही विद्वान मित्र अजूनही फेऱ्यांचा आकडा आणि कठीणपणाचा आलेख छापून मोकळे होतात. या धातूत कठीणपणा एवढा थोडा हलतो, की त्यावरून तपमान ओळखणं म्हणजे आवाजावरून आंबा ओळखणं. थर्मोकपल घोटल्या जाणाऱ्या गाभ्यात जगत नाही. मग उरते ती रचनाच. आणि ती पाहायला पॉलिश करावं लागतं, क्रोलच्या द्रावणाने एच करावं लागतं, हायड्रोफ्लोरिक आम्लाला भीत भीत. हल्लीची मुलं नमुना बाहेर पाठवतात आणि रंगीत नकाशा मागवतात. नकाशे सुंदर असतात, कणांची दिशा मलाही त्यांनीच शिकवली. पण नमुना कुठून कापला हे विचारलं, की सगळे एकमेकांकडे बघतात.

माझ्या कपाटात एक आडवा छेद आहे, जाड प्लेटचा. वरच्या भागात पट्ट्या, खालच्या भागात गोल कण, आणि मधून जाणारी एक वाकडी रेघ. तिथपर्यंत ९९५ पोचलं होतं. परवा एका विद्यार्थ्याला तो मायक्रोस्कोपखाली दिला. बराच वेळ बघून त्याने विचारलं, “सर, आरपीएम किती होता?”